लाल ओलांडला, मग पुढे? ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटर गेममधल्या आपल्या नागपूर–वर्धा सत्रांसाठी स्पॅडचा धागा

गोधनी_आउटर

मंडळी, शनिवारच्या ऑनलाइन सत्रात लाल सिग्नल परवानगीशिवाय ओलांडणं, म्हणजे स्पॅड, फार वाढलंय. एक गाडी चुकते आणि खापरीपासून सिंदीपर्यंत सगळ्यांचा खोळंबा होतो. कोणाचं नाव काढायला हा धागा नाही. लाल ओलांडल्यावर गेम काय करतो, चूक नेमकी कुठे सुरू होते आणि आपण नियम काय ठेवायचा, हे तिन्ही इथेच मिटवू.

आधी गेम. ऑटो मोडमध्ये परवानगीशिवाय लाल ओलांडला की गाडी ‘आउट ऑफ कंट्रोल’ होते. एफ४ ने ट्रॅक मॉनिटर उघडला की कंट्रोल मोडच्या ओळीत ते दिसतं. पॉइंट (रूळ बदलायची जागा) उलटा लागलेला असताना त्यावरून गेलात किंवा नेमलेल्या मार्गाच्या पलीकडे गेलात तरी हेच होतं, म्हणून कारण वाचा, अंदाज बांधू नका. इमर्जन्सी ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुटत नाही. त्या वेळात कळा बडवून काही होत नाही.

थांबल्यावर असं करा. व्हॉइस चॅनलवर गाडी नंबर, सिग्नल आणि तुम्ही किती पुढे गेलात ते सांगा. डिस्पॅचरने (सत्राचे सिग्नल सांभाळणाऱ्याने) मागची लाइन धरून ठेवली असं सांगेपर्यंत हलू नका. मग कंट्रोल+एम ने मॅन्युअल मोड, हळूहळू मागे घेऊन सिग्नलच्या अलीकडे उभे राहा, पुन्हा कंट्रोल+एम ने ऑटो. तुम्ही ज्या तुकड्यात घुसलात तो दुसऱ्या गाडीसाठी मोकळा केलेला असेल, तर गेम त्या गाडीलाही थांबवतो. एका माणसाच्या चुकीने दोन गाड्या उभ्या राहतात त्या अशा.

माझा प्रस्ताव: पहिल्या स्पॅडला गाडी काढून घ्यायची, त्या सत्रापुरता तो माणूस बाहेर. बोला.

तर्रीवाला

भाऊ, जरा जास्तच होऊन राहिलं हे. एखादा पाच-दहा मीटर पुढे गेला तर काय आभाळ कोसळते का? सिग्नलच्या पुढे १२० मीटर ओव्हरलॅप, म्हणजे मोकळी राखलेली जागा, असतोच ना. तो काहून ठेवला मग?

मोतीबाग_नॅरोगेज

ओव्हरलॅप तुमच्यासाठी नाही, बाळा. मल्टिपल आस्पेक्ट (दोनपेक्षा जास्त संकेत देणाऱ्या) सिग्नलिंगमध्ये स्टॉप सिग्नलच्या पुढे १२० मीटर मोकळे ठेवल्याशिवाय मागचा सिग्नल ऑफ (पुढे जायला मोकळा) देता येत नाही. ब्लॉक ओव्हरलॅप, म्हणजे मागच्या स्टेशनाहून गाडी सोडायला लागणारा, १८० मीटर. जुन्या टू-आस्पेक्टमध्ये हेच आकडे १८० आणि ४०० होते. ही जागा लोको पायलट चुकणार असं गृहीत धरून सिग्नलवाल्यांनी राखलेली असते. लोको पायलटने ती आपली समजून वापरायची नसते. खऱ्या रेल्वेत इंजिनाचं तोंड लाल सिग्नलच्या पुढे गेलं की स्पॅड, मग एक मीटर असो की शंभर. पुढे टक्कर झाली की नाही याचा त्या नोंदीशी संबंध नाही.

गेमचंही तेच. ‘थोडासाच’ असा प्रकार त्यात नाही.

बॉक्सएन_५८

मालगाडीवाल्यांचे स्पॅड बहुतेक एकाच जागी होतात: लूपमध्ये (स्टेशनातली बाजूची लाइन), स्टार्टरवर (तिथून निघायचा सिग्नल), १० च्या स्पीडला. मेन लाइनवर शंभरने जाऊन लाल तोडणारा विरळाच. त्यामागे साधं गणित आहे आणि ते कोणी करत नाही.

बॉक्सएन वॅगनची कपलरपासून कपलरपर्यंत लांबी १०.७१३ मीटर. ५८ वॅगन म्हणजे ६२१ मीटर. त्यात डब्ल्यूएजी-९ इंजिनाचे साडेवीस आणि ब्रेकव्हॅन धरा, झाले साधारण ६५५. आपल्या रूटवर लूपची उभं राहायची जागा ६८६ मीटर ठेवली आहे, खऱ्यातलं प्रमाण माप तेच आहे. उरले किती? तीसएक मीटर. म्हणजे दीड इंजिनाएवढी जागा. स्टार्टरच्या ५० मीटर अलीकडे ‘सुरक्षित’ थांबलात तर शेपूट मागच्या फाउलिंग मार्कवर (ज्याच्या पलीकडे शेजारची लाइन अडते ती खूण) लोंबतं, मेन लाइन मोकळी होत नाही आणि डिस्पॅचर ओरडतो, “पुढे घे, पुढे घे.” मग माणूस नॉच (इंजिनाला ताकद) देतो, ५८ वॅगन ढकलल्यासारख्या पुढे येतात, ब्रेक लागायला वेळ लागतो आणि स्टार्टर मागे.

तो वेळ किती? मालगाडीचा ब्रेक सिलिंडर पूर्ण भरायला १८ ते ३० सेकंद, सुटायला ४५ ते ६०. कोचिंगला (प्रवासी गाडीला) भरायला ३ ते ५, सुटायला १५ ते २०. पॅसेंजर चालवून आलेला माणूस मालगाडी घेतो तेव्हा हात तोच राहतो, म्हणून पहिल्याच लूपला फसतो.

लूपमध्ये शिरताना माझी पद्धत सांगतो, रेक भरलेला धरून:

होमवर (स्टेशनात शिरायच्या सिग्नलवर) पिवळा आणि रूटचे पांढरे दिवे दिसले की नॉच शून्य. पॉइंटवर ३० ची मर्यादा असेल तर २५ नेच घुसा. अर्धा रेक आत आला की ए-९ ने (सगळ्या गाडीचा ब्रेक) मिनिमम रिडक्शन, बीपी (ब्रेक पाइपचा दाब) ५ वरून साडेचारच्या आसपास. तिथेच थांबा. गाडी ऐकत नाही असं वाटून लगेच आणखी ओढू नका, वीस सेकंद द्या. स्टार्टर २०० मीटरवर असताना स्पीड १२-१५ हवी, ५० मीटरवर ५. शेवटच्या टप्प्यात ब्रेक पूर्ण सोडायचा नाही, अर्धवट लागलेला ठेवून थोड्या नॉचवर ओढत न्यायचा. सोडलात तर तुमच्या गेजवर बीपी ५ दिसेल, पण शेवटच्या वॅगनपर्यंत हवा पोहोचलेली नसते. त्या अवस्थेत पुन्हा ब्रेक मारला की अर्धे वॅगन धरतात, अर्धे नाही.

आणि एसए-९ ने गाडी थांबवणारे महाभाग: तो इंजिनाचा ब्रेक आहे, ५८ वॅगनचा नाही. उभी गाडी धरायला वापरा.

तर्रीवाला

हे तीस मीटरचं माहीतच नव्हतं. म्हणून डिस्पॅचर पुढे घे पुढे घे करते होय.

अजनी_लोको

बॉक्सएन भाऊंचं लूपपुरतं शंभर टक्के बरोबर. मेन लाइनवर मात्र स्पॅड लाल सिग्नलवर होत नाही. तो दोन सिग्नल आधीच, डबल पिवळ्याला, होऊन चुकलेला असतो. लालवर फक्त त्याची नोंद होते.

डबल पिवळा म्हणजे ‘सध्या चालू दे, पुढे बघू’ नव्हे. पुढचा सिग्नल ठरलेल्या कमी स्पीडने ओलांडायला तयार राहा, असा त्याचा अर्थ. पिवळा म्हणजे पुढच्या स्टॉप सिग्नलला थांबायची तयारी. आता १०० च्या स्पीडला सेकंदाला २८ मीटर जातात, एक किलोमीटर ३६ सेकंदांत संपतो. डबल पिवळा १०० ने, पिवळा ९५ ने घेतला तर लालसमोर थांबायला उरतो तो एकच किलोमीटर. अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने ९५ वरून थांबायला ७०० मीटर लागतात, तेही ब्रेक पहिल्या सेकंदाला लागला तर. उतार, ओली लाइन, तुम्ही व्हॉइसवर बोलत आहात, पाण्याची बाटली उचलली, यातलं एक काही झालं की संपलं.

माझे ठरलेले आकडे, डब्ल्यूएपी-७ इंजिन आणि २२-२४ डब्यांचा एलएचबी रेक:

डबल पिवळा दिसताक्षणी (ओलांडल्यावर नाही, दिसल्यावर) नॉच शून्य, रिजनरेटिव्ह ब्रेक (इंजिनाच्या मोटरांनी लागणारा). पिवळा ६० च्या आत घ्यायचा. पिवळ्यानंतर ए-९, मिनिमम रिडक्शनपासून सुरुवात. लाल ४०० मीटरवर असताना ३०, १०० मीटरवर १५. सिग्नलच्या अलीकडे ३०-४० मीटर थांबा, म्हणजे सिग्नल काचेतून दिसत राहतो. फुल सर्व्हिस, म्हणजे बीपी साडेतीनजवळ आणि ब्रेक सिलिंडर ३.८, राखून ठेवायची. ती लागली तर समजा आधीचा हिशोब चुकला. बॅकस्पेस, म्हणजे इमर्जन्सी, त्याच्याही पलीकडे.

रिजनरेटिव्हवर शेवटपर्यंत विसंबू नका. स्पीड उतरली की त्याची ताकद जाते आणि नेमकी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये गाडी मोकळी धावते.

ट्रॅक मॉनिटरमध्ये एक ओळ ‘प्रोजेक्टेड’ स्पीडची असते. आत्ताच्या वेगबदलाने मिनिटाभराने स्पीड किती असेल ते ती दाखवते. पिवळ्यानंतर ती शून्याकडे यायला हवी. स्पीड ७० आणि प्रोजेक्टेड ५५ असेल तर तुम्ही ब्रेक लावलेला नाही, नुसता हात ठेवलाय.

तर्रीवाला

पण दर डबल पिवळ्याला असं करत बसलो तर वर्धा येईपर्यंत टाइमटेबलची वाट. अर्ध्या वेळा पुढचा हिरवा होऊन जाते ना बे.

अजनी_लोको

हिशोब करू. एक किलोमीटर १०० ने: ३६ सेकंद. तोच किलोमीटर १०० वरून ६० वर उतरत, म्हणजे सरासरी ८०: ४५ सेकंद. गेले नऊ. पुढचा हिरवा झाला आणि पुन्हा १०० गाठलं, त्यात अजून दहा-बारा. एकूण वीसएक सेकंद. स्पॅड झाला तर थांबणं, व्हॉइसवर सांगणं, मॅन्युअल, मागे घेणं, पुन्हा ऑटो: दहा मिनिटांत उरकलं तर नशीब. वीस सेकंद वाचवायला कोणी दहा मिनिटं लावत नाही, बाजारातसुद्धा नाही.

मोतीबाग_नॅरोगेज

एक दुरुस्ती. डबल डिस्टंट (होमची आधी सूचना देणारे दोन सिग्नल) असलेल्या स्टेशनावर पहिला डिस्टंट होमपासून २ किलोमीटरवर, इनर डिस्टंट १ किलोमीटरवर असतो. या पहिल्या डिस्टंटला एकटा पिवळा नसतोच, एक तर डबल पिवळा नाही तर हिरवा. होम लाल असला तरी तो डबल पिवळाच दाखवतो. म्हणजे तिथला डबल पिवळा ‘पुढे लूप आहे’ असंही सांगत असेल, ‘होम लाल आहे’ असंही. खुलासा इनर डिस्टंटवर होतो. अजनी_लोको म्हणतात तसं तिथूनच स्पीड उतरवायचं कारण हे.

आता दुसरा मुद्दा, जो सत्रात सगळे एकत्र कालवतात. सगळे लाल सारखे नसतात. खांब वाचायला शिका.

खांबावर पांढऱ्या गोल पाटीत काळा ‘ए’ असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. तो लाल असेल तर थांबायचं, दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं. तरीही लालच राहिला तर ठरलेली शिट्टी देऊन, गार्डशी सिग्नलची देवाणघेवाण करून, समोरचा अडथळा दिसला की थांबता येईल अशा बेताने पुढच्या स्टॉप सिग्नलपर्यंत जायचं. वळण, धुकं, पाऊस यामुळे पुढचं नीट दिसत नसेल तर स्पीड १० च्या वर कुठल्याही परिस्थितीत नाही. पुढे गाडी उभी दिसली तर किमान १५० मीटर किंवा ओएचईचे (वरच्या विजेच्या तारेचे) दोन मोकळे गाळे अंतर. आणि इथे लोक हमखास चुकतात: पुढचा सिग्नल लांबून हिरवा दिसला म्हणून लगेच नॉच द्यायचा नाही, तो सिग्नल गाठेपर्यंत तीच सावध चाल. त्या सिग्नलच्या आणि तुमच्या मध्ये गाडी असू शकते, म्हणून तर मागचा लाल होता.

‘जी’ पाटी म्हणजे गेट सिग्नल. तिथेही १ आणि २ मिनिटं, मग फाटकापर्यंत हळू जाऊन फाटक बंद आहे आणि गेटमन हात दाखवतो आहे याची खात्री करायची.

पाटीच नाही, असा होम किंवा स्टार्टर लाल असेल तर कितीही वेळ थांबलात तरी आपल्या मर्जीने हलायचं नाही. तिथे कॉलिंग-ऑन लागतो, नाही तर स्टेशन मास्तरचा लेखी अधिकार, टी/३६९ (३बी). कॉलिंग-ऑन हा मुख्य सिग्नलखालचा छोटा पिवळा, ‘सी’ पाटीवाला. ऑन (थांबा स्थितीत) असताना त्यात दिवाच दिसत नाही. तो गाडी आधी उभी राहिल्यावरच लागतो आणि मुख्य सिग्नल लालच राहतो. लास्ट स्टॉप सिग्नलला कॉलिंग-ऑन नसतो, कारण त्याच्यापुढे ब्लॉक सेक्शन सुरू होतो आणि तिथला अधिकार वेगळा.

१७ जून २०२४ ला रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडकली, तो ऑटोमॅटिक सेक्शनच होता. सिग्नल बिघडलेले होते आणि गाड्या टी/ए ९१२ या कागदावर सोडल्या जात होत्या. लाल ओलांडायचा कागद हातात असणं आणि समोरची लाइन रिकामी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

सिगस्क्रिप्ट

काकांनी नियम सांगितले, आता ते रूटमध्ये कसे बसवलेत ते सांगते, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

आपल्या रूटमध्ये खापरी ते बुटीबोरी भाग ऑटोमॅटिक धरलाय. तिथल्या ‘ए’ सिग्नलना स्क्रिप्टमध्ये पूर्ण ‘स्टॉप’ ऐवजी ‘स्टॉप अँड प्रोसीड’ आस्पेक्ट दिला आहे. दिवा लालच दिसतो, पण तो ओलांडला की गेम आउट ऑफ कंट्रोल करत नाही. याचा काही जण फायदा घेतात, न थांबता ४० ने निघून जातात. गेम पकडत नाही म्हणजे चालतं असं नाही, डिस्पॅचर विंडोत ते दिसतं. एक मिनिट थांबायचं म्हणजे घड्याळ लावून थांबायचं. होम, स्टार्टर, ॲडव्हान्स्ड स्टार्टर यांना पक्का ‘स्टॉप’. कॉलिंग-ऑनला ‘रिस्ट्रिक्टिंग’, पिवळ्याला ‘अप्रोच १’, डबल पिवळ्याला ‘अप्रोच २’, हिरव्याला ‘क्लिअर २’.

जुन्या फायली वापरणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो: डबल पिवळा न दिसता हिरव्यावरून थेट पिवळा, किंवा सिग्नल अगदी जवळ आल्यावर उघडतो. हे चालवणाऱ्याचं पाप नाही. रूटच्या सिगसीएफजी फाइलमध्ये त्या सिग्नल प्रकाराचा ‘सिग्नलनमक्लिअरअहेड’ हा आकडा कमी आहे. गाडीपुढे किती सिग्नलपर्यंत मार्ग राखायचा ते तो ठरवतो. चार आस्पेक्टला १ किंवा २ ठेवला तर साखळी तयारच होत नाही. आपल्या फाइलमध्ये ५ आहे. शेअर केलेला रूट फोल्डर पूर्ण बदला, एकेक फाइल उचलून टाकू नका. सगळ्यांकडे तंतोतंत तोच रूट हवा.

ब्रेकचं: ऑप्शन्समध्ये ‘ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स’ ही खूण तपासा. आपल्याकडचे डबे-वॅगन ब्रेक टप्प्याटप्प्याने सोडू देतात. खूण नसेल तर थोडा ब्रेक कमी करायला गेलात की सगळाच सुटू शकतो, आणि बॉक्सएन भाऊंची लूपची पद्धत तुमच्याकडे चालणारच नाही. त्याच पानावर ब्रेक पाइप चार्जिंग रेट आहे, तो वाढवून ठेवलेला असेल तर मूळ आकड्यावर आणा. फसवा सोपेपणा आहे तो, दुसऱ्याच्या मशीनवर गेलात की हात चुकतो.

गोधनी_आउटर

ताई, टॅबवर पण लिहा ना. डोक्याला ताप झालाय तो.

सिगस्क्रिप्ट

टॅब म्हणजे हॉर्न नव्हे! लाल दिसला की टॅब टॅब टॅब, असं चाललंय.

टॅब ही समोरचा लाल सिग्नल ओलांडायची परवानगी मागायची कळ. मागच्या दिशेसाठी कंट्रोल+टॅब. गेम परवानगी देतो किंवा नाकारतो. दिली तर समोरचा तुकडा रिकामा आहे असं बिलकूल समजू नका. भरलेल्या लाइनवर गाडी घ्यायलाच तर ती सोय आहे, आपल्या भाषेत कॉलिंग-ऑन. परवानगी मिळाल्यावर ६० ने घुसणारा माणूस पुढच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनवर आदळतो, आणि तोंडी असतं, “पण मला परमिशन मिळाली होती.”

सत्रात टॅब तीन अटींवर: गाडी पूर्ण उभी, डिस्पॅचरने व्हॉइसवर सिग्नलचं नाव घेऊन हो म्हटलेलं, आणि पुढे १५ च्या आत.

तर्रीवाला

आणि लॅगचं काय? माझ्या स्क्रीनवर पिवळा, डिस्पॅचर म्हणते लाल. मग चूक कोणाची लिहायची?

गोधनी_आउटर

सिग्नलची खरी स्थिती होस्टच्या मशीनवर असते, तुमच्याकडे तिची बातमी येते, आणि बातमी उशिरा पोहोचू शकते. म्हणून स्क्रीन आणि व्हॉइस जुळत नसतील तर दोन्हींतला जास्त अडवणारा खरा धरायचा. स्क्रीनवर लाल आणि मी हिरवा म्हणतो, तरी थांबा. स्क्रीनवर हिरवा आणि मी लाल म्हणतो, तरी थांबा. तुटून पुन्हा जोडलं गेल्यावर पहिला सिग्नल लालच समजून जा.

होस्ट करणाऱ्यांसाठी: पोर्ट ३०००० राउटरवर उघडलेला हवा, आणि घरात त्या वेळी कोणी मोठं डाउनलोड लावू नये. एवढ्याने निम्मा लॅग जातो.

अजनी_लोको

पण मग डिस्पॅचरचेही स्पॅड मोजा की. कंट्रोल+९ च्या विंडोत सिग्नलवर क्लिक करून ‘स्टॉप’ करता येतो. गाडी पिवळ्यावर ६० ने येत असताना मार्ग बदलायचा म्हणून तोंडावर सिग्नल लाल मारला तर चालवणारा थांबणार कसा? हे कोणाच्या खात्यात?

मोतीबाग_नॅरोगेज

रास्त आहे. ऑफ दिलेला सिग्नल गाडीच्या तोंडावर परत ऑन करायचा तो फक्त धोका टाळायला. मार्गाचा विचार बदलला म्हणून नाही. गाडीने आधीचा सिग्नल ओलांडला असेल तर होस्टने तिला यायचं तसं येऊ द्यावं, उभी करावी, मग मार्ग बदलावा. यातून झालेला स्पॅड चालवणाऱ्याच्या नावावर लिहू नये.

गोधनी_आउटर

मान्य. माझ्यासकट सगळ्या डिस्पॅचरना लागू. आणि सिग्नलवर हाताने काही केलं असेल तर काम झाल्यावर तो परत ‘सिस्टम कंट्रोल्ड’ करून ठेवा. विसरलात तर तो तसाच लाल राहतो आणि पुढची गाडी अर्धा तास उभी.

बॉक्सएन_५८

एक प्रकार राहिला. शेजारच्या लाइनचा सिग्नल आपला समजून सुटणं. नागपूर यार्डात प्लॅटफॉर्मवरून निघताना हे फार होते. समोर चार-पाच स्टार्टर एका ओळीत, त्यातला एक हिरवा, माणूस खूश, नॉच टाकला, आणि हिरवा होता शेजारच्याचा. दृश्य बाहेरच्या कॅमेऱ्यातून घेत असाल तर हमखास. निघताना कॅब व्ह्यूच हवा. सिग्नल साधारण आपल्या लाइनच्या डाव्या हाताला असतो, पण यार्डात ब्रॅकेट आणि गँट्रीवर डोळे फसतात. म्हणून ट्रॅक मॉनिटरमध्ये पुढच्या सिग्नलचा रंग बघा, तो तुमच्याच मार्गाचा असतो. काचेतला हिरवा आणि मॉनिटरमधला हिरवा जुळला तरच ब्रेक सोडा.

मॉनिटरकडे बघून पूर्ण गाडी चालवणाऱ्यांवर माझा राग आहे, ते वेगळं. पण निघताना चालते.

अजनी_लोको

आणि सिग्नल कॉल-आउट सुरू करा. खऱ्या कॅबमध्ये लोको पायलट आणि सहायक दोघं सिग्नल दिसला की हात दाखवून आस्पेक्ट मोठ्याने म्हणतात, तो उगीच नाही. व्हॉइसवर सगळ्यांनी प्रत्येक सिग्नल बोलला तर मासळीबाजार होईल, म्हणून फक्त डबल पिवळा, पिवळा, लाल. “१२, गुमगाव डिस्टंट, डबल पिवळा.” बस. जो बोलतो त्याचा हात आपोआप नॉचवर जातो. मायक्रोफोन बंद असेल तर खोलीत एकट्याने म्हणा, घरचे हसतील, हसू द्या.

तर्रीवाला

कवच, ती आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, टाकता येत नाही का गेममध्ये? मग कटकटच नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून घेतली ना ती.

सिगस्क्रिप्ट

ओपन रेल्समध्ये इंजिनाला ट्रेन कंट्रोलची स्क्रिप्ट लावता येते, त्यामुळे पुढच्या लालच्या अंतरावरून स्पीडची मर्यादा काढून ब्रेक लावणारं काहीतरी बनवता येईल. पण खरं कवच रुळातल्या आरएफआयडी टॅगवरून जागा ओळखतं आणि स्टेशनाशी रेडिओवर बोलतं. नुसतं अंतर मोजून ब्रेक मारणाऱ्याला कवच म्हणू नये. आणि मुख्य म्हणजे मी ते बनवलं तर तुम्ही डबल पिवळ्याला कधीच हात हलवणार नाही. सध्या नाही.

गोधनी_आउटर

ठीक, मग शनिवारपासून असं:

पाटी नसलेला लाल ओलांडला तर गाडी जागेवर सोडून त्या सत्रात सहायक डिस्पॅचर म्हणून माझ्याबरोबर बसायचं. हाकलून देण्यापेक्षा हे बरं. दुसऱ्याचे सिग्नल एकदा सांभाळले की डबल पिवळ्याची किंमत कळते. ‘ए’ सिग्नलवर न थांबता गेला तर एक ताकीद, दुसऱ्यांदा वरचंच. डिस्पॅचरने तोंडावर लाल मारला असेल तर नोंद डिस्पॅचरच्या नावावर. वाद झाल्यास एफ४ च्या विंडोसकट स्क्रीनशॉट, त्याशिवाय ऐकणार नाही.

तर्रीवाला

चालते. पण नवीन पोरांना ५८ चा रेक देऊ नका ना भाऊ, तीस मीटरात कोण उभा करते पहिल्या दिवशी.

बॉक्सएन_५८

४० वॅगनचा बनवतो. ४२९ मीटर वॅगन, इंजिन-ब्रेकव्हॅन धरून ४६५ च्या आत. लूपमध्ये दोनशे वीस मीटर हाताशी राहतात, स्टार्टरच्या शंभर मीटर अलीकडे थांबला तरी शेपूट आत. शुक्रवारी रात्री फोल्डरमध्ये टाकतो. तुला मात्र ५८ च.